मामाजींची नाडी आणि वेचणीची वही

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीच्या संध्याकाळी, माझे सासरे कोठ्यात बैलांच्या खांद्यांना पळसाच्या पानाने तूप-हळद लावत होते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात सून सासऱ्यांना मामाजी म्हणते, तसे मीही म्हणते. ‘आज आवतण घ्या, उद्या जेवाले या’ असे बैलांच्या कानाशी लागून म्हणण्याचा त्यांचा दरवर्षीचा नेम होता. त्या दिवशी त्यांच्या तोंडून ‘आज आवतण’ एवढेच निघाले, पुढचे शब्द लडबडले, डाव्या हातातली तुपाची वाटी पालथी झाली आणि ते गव्हाणीला टेकून हळूहळू खाली बसले. मी दारातून पाहत होते. त्यांच्या ओठाची डावी बाजू ओघळलेली होती.

तेव्हा साडेपाच वाजले होते. पित्त झाले असेल, उपाशीपोटी काम केले म्हणून चक्कर आली असेल, असे ज्याला जे सुचले ते त्याने सांगितले, कुणी तळपाय चोळले, आणि शेवटी शेजारच्या गावच्या एका डॉक्टरांकडे नेल्यावर तिथे सलाईन लावून दोन तास निघून गेले. १०८ क्रमांकाची गाडी मिळाली, तालुक्याच्या गावाहून पुढे पाठवले गेले आणि मोठ्या रुग्णालयात सीटी स्कॅन होईपर्यंत रात्रीचे साडेअकरा वाजले. मेंदूत रक्तस्राव नव्हता, गुठळीने वाट अडली होती. परंतु गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि आम्हाला सहा तास होऊन गेले होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग शिकवते. त्या रात्रीनंतर एकही पालकसभा अशी गेली नाही की जिथे मी तोंड वाकडे होणे, हात गळणे आणि बोबडी वळणे या तीन खुणा आणि साडेचार तासांची ही मर्यादा सांगितली नाही.

सहा दिवसांनी सुटी मिळाली. कागदावर रक्तदाब, पक्षाघात, अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी आणि व्यायाम एवढे लिहिलेले होते. ईसीजी काढलेला होता आणि तो सामान्य होता. अंगावरून वारे गेलेला माणूस पुन्हा उठतो की नाही, एवढाच प्रश्न त्या वेळी घरातल्या सर्वांच्या मनात होता. मामाजी उठले. पडवीच्या भिंतीवर माझ्या मुलाने खडूने रेघा ओढून दिल्या होत्या, त्यांच्यावर बोटे चालवत ते डावा हात रोज एकेक रेघ वर नेत, आणि दिवाळीपर्यंत काठीशिवाय धुऱ्यापर्यंत जाऊन येऊ लागले. भेटायला येणारे पाहुणे त्यांचा हात दाबून पाहत आणि ‘लकव्यातून उठला माणूस’ असे म्हणून समाधानाने परत जात. आम्हीही समाधानी होतो, आणि आमची खरी चूक तिथेच झाली, कारण हात आणि पाय सोडून दुसरे काही तपासायचे असते हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते आणि आम्ही विचारलेही नव्हते.

कापसाची पहिली वेचणी सुरू झाली तेव्हा ते दिसले. संध्याकाळी वेचणाऱ्या बाया आपापली गाठोडी घेऊन बांधावरच्या बाभळीखाली येतात, फांदीला काटा टांगलेला असतो, गाठोडे अडकवायचे, किलो वाचायचे आणि वहीत नावापुढे मांडायचे, अशी आमच्याकडची रीत आहे. मामाजी सातवीपर्यंत शिकलेले आहेत, पण चाळीस वर्षे हा हिशेब त्यांनी तोंडी केला. गाठोडे काट्यावर स्थिर होण्याआधीच ते मजुरीचा आकडा सांगत आणि कधी रुपयाचीही चूक होत नसे. त्या संध्याकाळी काट्यावर चौदा किलो दिसत होते. ते ‘चौदा’ असे मोठ्याने म्हणाले, वहीकडे वळले, पेन टेकवले आणि थांबले. पुन्हा काट्याकडे पाहिले, पुन्हा ‘चौदा’ म्हणाले, पुन्हा वहीकडे वळले. काट्यापासून वहीपर्यंतच्या हातभर अंतरात आकडा त्यांच्या डोक्यातून गळून पडत होता. किलोमागे दहा रुपयांप्रमाणे एकशे चाळीस होतात, हे शेवटी त्या बाईनेच सांगितले. आठवड्याने बाजाराच्या दिवशी त्यांनी दोघींना पूर्ण आठवड्याची मजुरी दोनदा दिली. दोघीही रात्री घरी आल्या आणि पैसे माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, ‘बाई, दादाले बोलू नका.’

मी बोलले नाही, पण माझे पती बोलले. आपले वडील आता कामातून अंग काढून घेत आहेत, असे त्यांना वाटू लागले होते, कारण जुने सगळे मामाजींना लख्ख आठवत होते. कोणत्या साली कोणत्या वावरात कोणते वाण लावले आणि कोणती विहीर कधी आटली, हे ते न अडखळता सांगत. ज्याची आठवण इतकी शाबूत आहे तो माणूस मोटार सुरू करून पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायला कसा विसरतो, हे त्यांच्या मुलाला पटत नव्हते. सासूबाईंना बाहेरचे काही लागले असावे अशी शंका होती. मला स्वतःला वाटत होते की वयामुळे असेल. तिघांच्याही मनात काळजीच होती, आणि तिघेही चुकत होतो.

माघ महिन्यात एका सकाळी मामाजी उठलेच नाहीत. हात-पाय हलत होते, बोलणे स्पष्ट होते, परंतु दोन दिवस ते सुस्त पडून राहिले, विचारले तर एका शब्दात उत्तर देत आणि पुन्हा डोळे मिटून घेत. अशक्तपणा म्हणून पुन्हा सलाईन झाले. तिसऱ्या दिवशी ते उठले, पण उठलेला माणूस आधीपेक्षा एक पायरी खाली गेलेला होता. शर्ट घालताना आधी कोणती बाही घालायची, चहा करताना साखर आधी की पाणी आधी, इथेही ते अडू लागले. एका दुपारी त्यांनी मला विचारले, ‘माये, मी आज जेवलो का?’ त्यांच्या स्वरात भीती होती. ती भीती मी त्यांच्या तोंडावर त्याआधी कधी पाहिली नव्हती.

गावच्या उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी रक्तदाब मोजायला घरी आल्या आणि तिथून वाट फुटली. यंत्राच्या पडद्यावर आकड्यांशेजारी हृदयाची एक खूण लुकलुकत होती. त्यांनी पुन्हा मोजले, पुन्हा तीच खूण आली. मग यंत्र बाजूला ठेवून त्यांनी मामाजींच्या मनगटावर तीन बोटे ठेवली आणि घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट नाडी मोजली. नंतर माझी बोटे तिथे ठेवली. एरवी नाडी तिफणीमागे पडणाऱ्या बियाण्यासारखी सारख्या अंतराने पडते. ही तशी नव्हती. दोन ठोके जवळ, मग लांब थांबा, मग तीन घाईने, एक जोरदार, एक इतका हलका की हाताला लागतो न लागतो, आणि या सगळ्याला कुठलाही ताल नाही. ‘नागपूरला दाखवा, आणि नाडी अनियमित आहे हे आवर्जून सांगा,’ असे त्या म्हणाल्या. त्यांचे हे वाक्य मिळाले नसते तर आम्ही नागपूरला जाऊनही हाताच्या ताकदीबद्दलच बोलत बसलो असतो.

नागपूरला काढलेला ईसीजी पुन्हा सामान्य आला. मी निराश झाले, परंतु तिथल्या डॉक्टर मॅडम झाल्या नाहीत. ईसीजी हा साधारण दहा सेकंदांचा असतो, त्या दहा सेकंदांत हृदय नीट चालत असेल तर कागदही नीटच येणार, आणि हा विकार पुष्कळांमध्ये येतो-जातो, हे त्यांनी समजावून सांगितले. मामाजींच्या छातीला तारा चिकटवून होल्टर नावाचे छोटे यंत्र चोवीस तासांसाठी कमरेला बांधले. आम्ही त्या रात्री नात्यातल्या एका घरी मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी अहवालात दिसले की मध्यरात्रीनंतर काही तास हृदयाचे वरचे दोन कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरत होते. या विकाराचे नाव एट्रिअल फिब्रिलेशन.

वरचे कप्पे थरथरू लागले की रक्त पुढे ढकलले जात नाही, डाव्या कप्प्याला असलेल्या पिशवीसारख्या कोपऱ्यात ते साचून राहते, साचलेल्या रक्ताची गुठळी होते आणि ती सुटली की रक्तप्रवाहाबरोबर सरळ मेंदूकडे जाऊ शकते. अशा माणसाला पक्षाघाताचा धोका इतरांच्या तुलनेत सुमारे पाचपट असतो. खांदशेकणीच्या संध्याकाळची गुठळी बहुधा तिथूनच आली होती. अ‍ॅस्पिरिन अशा गुठळीला पुरेसे रोखत नाही, त्यासाठी रक्त गोठण्याची क्रियाच मंद करणारे वेगळे औषध लागते आणि ते नियमित घेतल्यास पक्षाघाताचा धोका साधारण दोन तृतीयांशाने घटतो. हे ऐकताना पोळ्यापासून माघापर्यंतचे पाच महिने माझ्या डोळ्यांपुढून गेले. पहिल्या रुग्णालयाने त्या वेळी दिसले त्यावर उपचार केले, हे मी मान्य करते, पण चोवीस तासांचे ते यंत्र तेव्हाच बांधले असते तर, हा विचार माझ्या मनातून आजही जात नाही.

एमआरआयमध्ये तीन जुने व्रण निघाले. आम्हाला माहीत असलेला आघात एकच होता. दुसरा माघातला असावा, आणि तिसरा केव्हा झाला ते घरातल्या कुणालाच सांगता आले नाही, कारण छोट्या गुठळ्या हात-पाय न लुळावताही मेंदूतल्या खोलवरच्या वाटा तोडून जातात. मॅडमनी केसपेपरच्या मागे पेनाने जिना काढला. वयाने किंवा अल्झायमरने होणारी झीज उतारासारखी सावकाश असते, रक्तवाहिन्यांमुळे होणारी घसरण पुष्कळदा पायऱ्यांनी होते, काही महिने माणूस एका पायरीवर स्थिर असतो आणि एका आघाताने खालच्या पायरीवर जातो, असे त्या म्हणाल्या. पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण तिघांत एकाच्या विचारशक्तीवर परिणाम राहतो, आणि त्यात आठवणीपेक्षा आधी कामाचा क्रम लावणे, लक्ष टिकवणे आणि विचाराचा वेग या गोष्टी जातात. ज्या गोष्टीवरून माझे पती वडिलांवर रागावत होते तिचे नाव असे समोर आले. ते खुर्चीवरून उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

मग विचारशक्तीची चाचणी झाली. मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट नावाची ही तीस गुणांची चाचणी मराठीतही घेतात आणि शिक्षण बारा वर्षांपर्यंतचे असेल तर एक गुण जादा देतात. मी मागे बसून पाहत होते. चित्रातला सिंह त्यांनी ओळखला, उंट तर लगेच ओळखला, कारण काठेवाडी लोक गाई घेऊन आमच्या शिवारात उतरतात तेव्हा त्यांच्याबरोबर उंट असतात. गेंड्याला मात्र ते रानडुक्कर म्हणाले. ज्याने गेंडा कधी पाहिला नाही त्याच्या या उत्तराला आजार समजायचे नसते, हे मॅडमनी आपणहून मला सांगितले आणि माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला. शंभरातून सात वजा करत जायचे होते. त्र्याण्णव आले, शहाऐंशी आले, आणि पुढे ते मॅडमनाच विचारू लागले की किती कमी करायचे होते. गोल काढून घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितली. आकडे त्यांनी बरोबर मांडले, आणि एक काटा दहावर, दुसरा अकरावर ठेवला. अकरा आणि दहा हे दोन्ही शब्द त्यांनी नीट ऐकले होते, परंतु दहा मिनिटांसाठी काटा दोनवर न्यायचा असतो, ही मधली उडी मेंदूला घेता आली नाही. काट्यावरचे चौदा किलो वहीपर्यंत का पोचत नव्हते ते मला त्या घड्याळात दिसले. जादा गुण धरून अठरा गुण झाले. सव्वीसच्या खाली असले की पुढचा तपास करतात. मॅडमनी मात्र त्या अठरापेक्षा आमच्या सांगण्याला, म्हणजे वेचणीची वही, मोटार, शर्टाची बाही या गोष्टींना जास्त महत्त्व दिले आणि त्या सगळ्या लिहून घेतल्या.

पुढचे तपास भराभर झाले. थायरॉईड ठीक होते. बी-१२ जीवनसत्त्व कमी निघाले, त्याची इंजेक्शने दिली आणि दोन महिन्यांत त्यांची सुस्ती काही अंशी उतरली. मन खचल्यानेही बुद्धी मंदावते म्हणून त्याचीही चौकशी झाली. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डावा वरचा कप्पा मोठा झालेला होता, झडपा चांगल्या होत्या, म्हणून रक्त गोठणे मंद करणारी अ‍ॅपिक्साबान नावाची नवी गोळी दिवसातून दोनदा सुरू केली आणि अ‍ॅस्पिरिन बंद केले.

झडपा चांगल्या असण्याचे मोल मला बाहेरच्या बाकावर कळले. तिथे वाशीम जिल्ह्यातली तिशीतली एक बाई बसली होती. लहानपणी सांधेदुखीच्या तापाने तिची झडप अरुंद झाली होती, नाडीचा विकार तोच होता, पण तिला नवी गोळी चालत नव्हती. तिला रक्त पातळ करणारे जुने औषध घेऊन, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आयएनआर हा रक्ततपासणीतला आकडा दोन ते तीनच्या दरम्यान राखावा लागत होता. पावसाळ्यात तरोटा आणि अंबाडीची भाजी रोज पानात आली की तिचा आकडा घसरायचा, कारण हिरव्या पालेभाजीतले के जीवनसत्त्व त्या औषधाच्या उलट काम करते. ‘भाजी सोडू नको, पण आज ढीगभर आन् उद्या काहीच नाही असं करू नको, रोज सारखीच खा,’ असे तिला सांगितले होते. एकाची गोळी पाहून दुसऱ्याने तीच घेऊ नये, हे त्या बाकावर जितके पटले तितके कुठल्याही कागदाने पटले नसते.

घरी आल्यावर खरे काम सुरू झाले. या गोळीचा असर बारा-चोवीस तासांत ओसरतो, म्हणजे एक दिवसाचा खंडही परवडत नाही, आणि ती ज्याने घ्यायची त्यालाच ती घेतली की नाही ते आठवत नाही. एकदा त्यांनी सकाळची गोळी दोनदा मागितली, एकदा उशीखाली ठेवून दिली. आता सकाळी आठला चहाबरोबर मी देते, रात्री आठला सासूबाई देतात, गोळी गिळेपर्यंत समोर उभे राहायचे आणि दिनदर्शिकेच्या चौकोनात खूण करायची. खर्रा सोडवायला सर्वांत जास्त त्रास झाला. तंबाखू-सुपारीने नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढतात हे सांगून काही उपयोग झाला नाही, शेवटी त्यांच्या नातवाने बडीशेपेची डबी त्यांच्या खिशात ठेवायला सुरुवात केली आणि निम्मे तरी कमी झाले. दुसरी गोष्ट मी गावात प्रत्येकाला सांगते. गुडघे दुखले की आपल्याकडे दुखण्याची सुई टोचून घेण्याची सवय आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डायक्लोफिनॅकसारखी औषधे पोटात रक्तस्राव घडवू शकतात. कुणीही इंजेक्शन देण्याआधी पाहावे म्हणून मामाजींच्या खिशात गोळीचे नाव लिहिलेले कार्ड असते. शौचाला काळी झाली किंवा डोक्याला मार लागला तर वाट न पाहता निघायचे, हे घरात सर्वांना पाठ आहे, आणि त्यासाठीच बैल धुण्याचे काम आता त्यांच्याकडे नाही.

गडचिरोली जिल्ह्यातल्या ८६ गावांत सर्च या संस्थेने केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. तिथे दर सात मृत्यूंमागे साधारण एक मृत्यू पक्षाघाताचा होता आणि मृत्यूच्या कारणांत त्याचाच पहिला क्रमांक होता. आमच्या खेड्यांत हा आजार किती आहे ते त्यावरून दिसते. जे वाचतात आणि चालू लागतात, त्यांच्या घड्याळाचे काटे कुठे जातात हे मात्र गावात कुणी विचारत नाही. आशाताईंच्या नोंदीत पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णापुढे नाडीचा आणि विचारशक्तीचा असे दोन रकाने असावेत, असे मला मनापासून वाटते.

दीड वर्ष झाले. मामाजी त्याच पायरीवर आहेत, खाली गेलेले नाहीत. गेलेले परत आले असे मी म्हणणार नाही. मोटार ते एकटे लावत नाहीत, पैशांचा व्यवहार माझे पती पाहतात, आणि चहा करायचा असेल तर मी साहित्य क्रमाने ओट्यावर मांडून ठेवते आणि ते त्या क्रमाने टाकतात. माझ्या पतींनी रागावणे सोडले आहे. ते आता वडिलांना एका वेळी एकच काम सांगतात आणि ते होईपर्यंत दुसरे सांगत नाहीत. संध्याकाळी दिवा लावून झाला की मी मामाजींच्या मनगटावर तीन बोटे ठेवून एक मिनिट मोजते. कधी ताल असतो, कधी नसतो.

यंदाच्या वेचणीला काटा त्याच बाभळीला टांगला होता. मामाजी काट्याजवळ उभे राहिले, मी वही घेऊन त्यांच्या अगदी शेजारी बसले. ते किलो वाचत, बाई तोच आकडा पुन्हा उच्चारी, आणि मी लिहून घेई. एकवीस गाठोडी झाली. शेवटच्या गाठोड्यानंतर त्यांनी माझ्या हातातून वही घेतली, बोट ठेवून पहिल्या नावापासून सगळे आकडे एकेक करून मोठ्याने वाचले आणि म्हणाले, ‘बेरीज तू कर, पन मले दाखवजो.’